एक्स५ ला २२ ची चाकं टाकायची आहेत? आधी टायरची उंची बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गाडी बीएमडब्ल्यू एक्स५ आहे, जी०५ पिढीची डिझेल, सध्या १९ इंची रिमवर २६५/५० चे टायर आहेत, राहायला पुण्यात, महिना-दीड महिन्यातून कोकणात गावाकडे चक्कर असते, आणि एवढ्या मोठ्या गाडीच्या कमानीत १९ ची चाकं बारकी दिसतात म्हणून २२ टाकायची आहेत. दुकानदाराने दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे पुढे २७५/३५ आणि मागे ३१५/३०, दुसरा चारही चाकांना २८५/४०, १० जे (म्हणजे १० इंच रुंद) रिम, ईटी २० (ईटी म्हणजे काय ते पुढे सांगतो). आणि दोन्ही "आरामात बसतात" असं सांगून ॲडव्हान्स मागतोय.

टायर, रिम, अलाइनमेंट या धंद्यात माझे केस पांढरे झालेत, तेव्हा सरळ सांगतो. पहिला पर्याय बसतो, पण तुमच्या वापराला झेपणार नाही. दुसरा नीट बसतसुद्धा नाही. आणि मला विचाराल तर तुम्ही २० वर थांबावं. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी एक आकडेमोड करू, कागद घेऊन करा, कठीण काही नाही. २६५/५० आर१९ म्हणजे टायरची रुंदी २६५ मिलिमीटर, साईडवॉलची उंची त्याच्या ५० टक्के म्हणजे १३२.५, आणि रिम १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. वर-खाली दोन्ही साईडवॉल धरून पूर्ण चाकाचा व्यास झाला ७४७.६. आता पहिल्या पर्यायातला पुढचा टायर २७५/३५ आर२२, व्यास ७५१.३. मागचा ३१५/३० आर२२, व्यास ७४७.८. बघा, बाहेरून चाक तेवढंच राहिलं! बहुतेक लोकांना वाटतं २२ टाकले की गाडी उंच होते, दणकट होते, तसं काही होत नाही, चाक तेवढंच राहतं, फक्त त्यातलं रबर कमी होऊन धातू वाढतो. साईडवॉल १३२ वरून पुढे ९६ आणि मागे ९४ वर आली. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जी हवेची आणि रबराची गादी होती तिच्यातले पावणेचार सेंटिमीटर तुम्ही पैसे देऊन काढून टाकलेत.

दुसरा पर्याय बघा, २८५/४० आर२२. साईडवॉल ११४, ऐकायला बरं वाटतं, पण व्यास ७८६.८ होतो. मूळच्यापेक्षा ३९ मिलिमीटर जास्त, म्हणजे ५ टक्क्यांहून थोडं वरच. आमच्या धंद्यात ३ टक्के ही वरची मर्यादा धरतात, आणि ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला मी दीड टक्क्याच्या पुढे जात नाही. ५ टक्क्याने काय होतं, तर टायर चारी बाजूंनी जवळजवळ २० मिलिमीटर वाढतो, पुढे लायनरच्या (कमानीच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर) दिशेने, वर फेंडरच्या दिशेने, मागे सिलच्या (दरवाज्याखालची पट्टी) दिशेने. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी मूळ टायरवर धावली असती त्यापेक्षा ५ टक्के जोरात पळत असेल (कंपनीचे काटे मुळात थोडं जास्तच दाखवतात म्हणून कळत नाही लगेच), ओडोमीटर मात्र किलोमीटर कमी मोजेल. एबीएस आणि डीएससीचं (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सगळं गणित चाकाच्या फेऱ्यांवर चालतं, तेही बिघडतं. दुकानदार म्हणेल "साहेब कोडिंग करून देतो", म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टायरचं माप बदलून. कोडिंगने काटा सुधारेल हो, पण वळणावर लायनर घासायचा थांबणार आहे का कोडिंगने?

आता ईटी, म्हणजे ऑफसेट. इथेच बहुतेक सौदे फसतात कारण गिऱ्हाईक रिमचा इंच आणि डिझाईन बघतं आणि मागचा शिक्का कोणी वाचत नाही. रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते ईटी सांगतो. आकडा जितका कमी तितकं चाक फेंडरच्या बाहेर. तुमची १९ ची मूळ रिम ९ जे रुंद आणि ईटी ३८ च्या आसपासची असणार, मागे कोरलेलं असतं, वाचून घ्या. नवी १० जे ईटी २० घेतली तर रुंदीतला १ इंच दोन्ही बाजूंना वाटला जाऊन १२.७ मिलिमीटर, वर ईटीचा फरक १८, म्हणजे रिमची बाहेरची कड ३०.७ मिलिमीटर बाहेर आली. तीन सेंटिमीटर! आणि त्यावर टायरही रुंद. फोटोत एकदम भारी दिसतं, मान्य, पण चिखल दरवाज्यापर्यंत उडतो, बेअरिंगवर तरफ वाढते, आणि रस्त्यावर ट्रकने पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. बाहेर चाक घासतं की नाही हे उभ्या गाडीवर कळत नाही, चार माणसं आणि सामान घालून, पूर्ण स्टिअरिंग कापून, स्पीडब्रेकरवरून उतरताना कळतं. तुमच्या गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर गाडी सगळ्यात खाली बसवून दोन्हीकडे फुल लॉक मारून बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. जो दुकानदार हे करायला का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

तर दुसरा पर्याय बाद. राहिला पहिला. २७५/३५ आणि ३१५/३० ही जोडी २२ इंचात या गाडीसाठी नेहमीची आहे, व्यास जुळतो, पुढचा-मागचा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आहे, त्यामुळे एक्सड्राइव्हच्या, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या ऑल-व्हील ड्राइव्हच्या, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) त्रास नाही. मग मी नको का म्हणतोय?

एक, लोड. टायरवर साईजनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, १०४ वाय, ११० डब्ल्यू असं. अक्षर वेगाचं, आकडा वजनाचा. ११० म्हणजे १०६० किलो एका टायरला, १०७ म्हणजे ९७५, १०४ म्हणजे ९००. तुमच्या १९ च्या टायरवर बहुधा ११० आहे, २२ च्या पुढच्या टायरला सहसा १०४ मिळतो आणि मागच्याला १०७. "म्हणजे चार टायर मिळून पावणेचार टन उचलतात की, गाडी तर सव्वादोन टनाची", असं मला एकाने ऐकवलं होतं. पण हे ९०० किलो कधी, तर एक्सएल (जास्त वजन पेलणाऱ्या) टायरमध्ये ४२ पीएसआय हवा असताना. आपल्याकडे पंक्चरवाल्याकडे गेलं की तो न विचारता ३२-३३ भरतो. ३३ ला त्याच ९७५ किलोच्या टायरची ताकद साधारण ८०० वर येते. आता मागच्या एक्सलवर डिकी भरून हापूसच्या पेट्या, मागच्या सीटवर तीन माणसं, त्यात खड्ड्याचा धक्का म्हणजे क्षणभर वजनाच्या कितीतरी पट, शिल्लक उरते ती अगदी काठावरची. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीत पट्टी असते तिच्यावर प्रत्येक एक्सलची कमाल मर्यादा लिहिलेली असते, त्याच्या निम्म्याच्या वर टायरचाही आणि रिमचाही आकडा असला पाहिजे. रिमवर पण लोड कोरलेला असतो हे लोकांना माहीतच नसतं. नसेल कोरलेला तर ती रिम कितीही सुंदर असो, घरी आणू नका.

दोन, उष्णता आणि काँक्रीट. एक्सप्रेसवे असो की समृद्धी, सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास एकाच वेगात गाडी पळवली आणि हवा कमी असली की साईडवॉल दर फेरीला दुमडते आणि तापते. टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, लोक मात्र रस्त्याला शिव्या घालतात. बुटक्या साईडवॉलमध्ये हवा कमी झालेली डोळ्याने दिसतसुद्धा नाही, १९ चा टायर खाली बसलेला दिसतो, २२ चा २५ पीएसआयला पण ताठ दिसतो. त्यामुळे प्रेशर सेन्सर नव्या चाकात बसवून घेणं ही चैन नाही, गरज आहे. जुने सेन्सर काढून नव्या चाकात बसवता येतात, पण जुना सेट दुसऱ्या वापरासाठी ठेवणार असाल तर सेन्सरही वेगळे घ्या, आणि मग आयड्राइव्हमध्ये (गाडीच्या स्क्रीनवरच्या मेनूत) जाऊन टायरची सेटिंग बदला नाहीतर गाडी जुन्याच साईजचं प्रेशर धरून बसेल.

तीन, आणि हे मुख्य. तुमचा रस्ता. पुण्याहून ताम्हिणी उतरा किंवा कोल्हापूर करून गगनबावड्याने जा, खाली मुंबई-गोवा हायवे लागतोच, आणि पावसात तिथे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. १३२ ची साईडवॉल तो धक्का पिऊन टाकते. ९४ ची पिते थोडा, मग रिमला लागतो. माझ्याकडे येणाऱ्या २०-२१-२२ च्या रिम्स बहुतेक वेळा आतल्या कडेला वाकलेल्या असतात, बाहेरून चकचकीत, आणि गिऱ्हाईक म्हणतं हवा उतरते पण पंक्चर सापडत नाही. आतल्या बाजूला केसाएवढी चीर असते, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. बेंड काढता येतो, मर्यादेत. चीर वेल्डिंग करून देणारेही आहेत, मी करत नाही आणि कोणी केलेली रिम बसवतही नाही. आणि साईडवॉलला फुगा आला तर टायर गेला, त्याला दुरुस्ती नाही. मग कणकवलीत रविवारी दुपारी २२ चा ३१५/३० शोधून दाखवा. पुण्या-मुंबईतसुद्धा दोन-चार दिवस थांबावं लागतं, कारण जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारचं नियंत्रण आहे आणि या साईज आपल्याकडे सहज पडून नसतात. मूळ टायर रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतील आणि नवे साधे घेतलेत तर अजून एक घोळ, डिकीत स्टेपनी आहे का ते आत्ताच उघडून बघा. पंक्चर किट साईडवॉलच्या कटला काही कामाचं नाही.

स्टॅगर्ड सेटचा, म्हणजे पुढे-मागे वेगळ्या मापांच्या चाकांचा, एक खर्च कोणी सांगत नाही. पुढचे मागे करता येत नाहीत, त्यामुळे रोटेशन (टायर सारखे झिजावेत म्हणून केलेली अदलाबदल) गेलं, आणि रुंद मागचे टायर आतल्या कडेने आधी झिजतात, वरून बघून वाटतं अजून खूप रबर आहे. आणि एक्सड्राइव्हमध्ये झिजलेले आणि नवे असे मिसळून चालवू नका. नव्या टायरची खोली ८ मिलिमीटर आणि जुन्याची ३ असेल तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सव्वा टक्क्याच्या वर, आणि ट्रान्सफर केसमधला क्लच सरळ रस्त्यावरही दिवसभर तो फरक पुसत बसतो. त्याचं बिल टायरच्या बिलापेक्षा मोठं असतं. पुढे एक कंपनी, मागे दुसरी, हे तर नकोच, छापलेली साईज तीच असली तरी प्रत्यक्ष व्यास कंपनीगणिक थोडा वेगळा असतो. बीएमडब्ल्यूने पास केलेल्या टायरवर साईडवॉलला छोटा तारा छापलेला असतो, मिळाला तर तो घ्या.

मग काय करावं? माझं मत, २० चा सेट, चारही २७५/४५. व्यास ७५५.५, मूळच्यापेक्षा फक्त १ टक्का वर. साईडवॉल १२३.७५ म्हणजे तुम्ही फक्त पावणेनऊ मिलिमीटर सोडलेत. रोटेशन करता येतं, टायर मिळतात, आणि कमान भरलेली दिसते कारण टायर किंचित मोठा आणि रुंद आहे. जे पैसे २२ च्या कास्ट (ओतीव) रिमवर घालणार होतात त्यात २० ची चांगली फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग कड लाटलेली) किंवा थोडे अजून घालून फोर्ज्ड (दाबून घडवलेली) येईल. फोर्ज्ड म्हणून कास्ट गळ्यात मारणारे भरपूर आहेत, म्हणून दुकानात वजनकाटा मागा, मूळ रिमच्या शेजारी ठेवून मोजा. २२ ची स्वस्त कास्ट रिम आणि तिचा टायर धरून एका चाकाला चार-सहा किलो सहज वाढतात, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे ब्रेक, सस्पेन्शन, पिकअप सगळ्यांना जाणवणारं. जेडब्ल्यूएल, व्हीआयए, टीयूव्ही असले रिमच्या चाचणीचे शिक्के बघा, पण शिक्का कोणीही मारू शकतो, विकणाऱ्याचं बिल आणि कागद जास्त महत्त्वाचे.

२२ च हवेत असा हट्ट असेलच (असतो, मला माहीत आहे, गाडीवर प्रेम असतं माणसाचं), तर दोन सेट ठेवा. २२ शहरात आणि एक्सप्रेसवेला, आणि जूनच्या आधी १९ परत चढवून कोकण. युरोपात थंडीचे टायर वेगळे ठेवतातच ना, आपण पावसाळ्याचे ठेवू.

बसवतानाच्या दोन-चार गोष्टी, ज्या मी स्वतः उभं राहून बघतो. जी०५ चा पीसीडी (बोल्टची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ५/११२ आहे, आधीच्या पिढीच्या एफ१५ चा ५/१२० होता, त्यामुळे जुन्या एक्स५ ची चाकं स्वस्तात मिळतायत म्हणून घेऊ नका, बसणारच नाहीत. उलट ऑडी आणि मर्सिडीजचा पीसीडीही ५/११२ आहे आणि इथे खरी गंमत होते. छिद्रं जुळतात म्हणून लोक घेतात, पण बीएमडब्ल्यूच्या बोल्टचा आटा एम१४ बाय १.२५ आहे आणि त्या दोघांचा एम१४ बाय १.५. चुकीचा बोल्ट दोन आटे जातो, मग अडकतो, आणि पोऱ्याने इम्पॅक्ट गन मारली की हबचा आटा गेला. वर बसण्याचा आकारही वेगळा, बीएमडब्ल्यूचा बोल्ट शंकूसारखा आणि त्यांचा गोल, म्हणजे घट्ट केलेला वाटतो पण टेकलेला असतो कडेवर. आफ्टरमार्केट रिमचा बूड जाड असेल तर बोल्ट तोकडा पडतो, म्हणून मूळ रिमवर बोल्ट किती फेरे जातो ते मोजा आणि नव्या रिमवर तेवढेच किंवा जास्त जायला हवेत. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर हब रिंग घालावीच लागते, ॲल्युमिनियमची घ्या, प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ होते आणि मग ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग करत फिरतात.

कॅलिपर आणि स्पोकमधली जागा बघायला मुलांची खेळायची क्ले कॅलिपरवर चिकटवा, चाक बसवून हाताने फिरवा, काढून क्लेची जाडी बघा, ३ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली तर नाही म्हणा. हबचा गंज ब्रशने काढायला सांगा. बोल्ट आधी हाताने, मग ताऱ्यासारखे समोरासमोर, शेवटी टॉर्क रेंचने १४० न्यूटन मीटर, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा. स्पेसर घालून "थोडं बाहेर काढू" म्हणाला तर उठून या. अलाइनमेंट नव्या चाकांवरच करायची आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्य करून घ्यायचा, नाहीतर लेन असिस्ट चुकीचं ओढत बसेल.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येणार नाही. व्यवहारात काय, तर कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी मान्य केलेली साईज असेल तर इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला बोलायला जागा राहत नाही. फेंडरच्या बाहेर तीन सेंटिमीटर आलेलं चाक असेल आणि अपघात झाला, तर तो पहिला फोटो त्याच चाकाचा काढेल. मॅन्युअलमध्ये मान्य साईजची यादी असते, तिचं पान मोबाईलमध्ये ठेवा आणि इन्शुरन्स कंपनीला ईमेलने कळवून ठेवा.

टायर घेताना साईडवॉलवर आयएसआयचा शिक्का आणि चार आकडी तारीख बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आयात केलेल्या मोठ्या साईज गोदामात वर्षानुवर्षं पडून असतात आणि "फ्रेश स्टॉक" म्हणून दिल्या जातात, चारही टायरची तारीख स्वतः वाकून वाचा, एकाची वाचून तीन गृहीत धरू नका. आणि ॲडव्हान्स द्यायच्या आधी त्याच्याकडून बिलाच्या कागदावर रिमची रुंदी, ईटी, मधल्या भोकाचं माप, रिमचा लोड, टायरची पूर्ण साईज लोड इंडेक्ससकट, आणि घासलं तर परत घेणार असं एक वाक्य, एवढं लिहून घ्या.